दादांचा आकडा खरा होता

(पत्र बरंच लांब आहे. ओळख पटेल असा सगळा तपशील वगळून सारांश देते.)

एका वाचक भगिनीच्या मोठ्या भावाला सहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. वर्षभरापूर्वी तो आरोग्यावरच्या एका ग्रुपमध्ये गेला. ‘रक्तदाबाची मर्यादा मुद्दाम खाली आणली, म्हणजे गोळ्या खपतात’ हे तिथलं पालुपद. चार महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या बंद केल्या. ‘मला काही होत नाही, उलट हलकं वाटतं,’ असं तो सांगतो. बहीण विज्ञानप्रेमी मंडळींच्या एका ग्रुपमध्ये आहे. तिने भावाचा दावा तिथे टाकला, तर पाहता पाहता तीस-चाळीस जणांनी त्याची टर उडवली. ‘थांबा, मर्यादा खरंच बदलली होती बहुतेक,’ असं एकजण म्हणाला. त्याला ‘तूही त्यांच्यातलाच का?’ असं विचारून गप्प बसवलं गेलं. ही चर्चा बहिणीने भावाला दाखवली. तो म्हणाला, “तुझ्या ग्रुपात आणि माझ्या ग्रुपात फरक काय? तिथेही सगळे एकमेकांची री ओढतायत.” तेव्हापासून दोघांत अबोला आहे आणि वहिनी मधल्या मधे अडकली आहे. बहिणीने विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर थोडंफार वाचलं आहे. तिचा प्रश्न असा : दादाला त्याच्या एको चेंबरमधून, म्हणजे आपलंच मत घुमत राहतं अशा कोंडाळ्यातून, बाहेर काढायला कार्ल पॉपर वगैरे तत्त्वज्ञ मंडळींचा उपयोग होईल का? त्याला उत्तरच देता येणार नाही असा एखादा मुद्दा आहे का?

प्रश्नाकडे येण्याआधी एक तातडीचं. तुमचा अबोला आणि पॉपर, दोन्ही बाजूला ठेवा आणि दादांचा रक्तदाब लवकरात लवकर मोजला जाईल एवढं पाहा. तुम्ही बोलत नसाल तर वहिनींना सांगा. चार महिने गोळ्या बंद आहेत आणि हे दुखणं बहुतेक वेळा आतल्या आत असतं, जाणवत नाही. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी वाटत असेल, तर मात्र पुन्हा मोजत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या.

आता तुम्हाला हवा असलेला तो बिनतोड मुद्दा. तो शोधायला बसले आणि भलतंच हाती लागलं. खरं सांगायचं तर पत्र वाचताना मलाही वाटलं होतं, की मर्यादा खाली आणल्याची गोष्ट कुणीतरी रचलेली असणार. ती रचलेली नाही. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थांनी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. परिणामी अमेरिकेतल्या प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण कागदोपत्री सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. काल निरोगी असलेले कोट्यवधी लोक नव्या व्याख्येने आज रुग्ण झाले. म्हणजे दादांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. तुमच्या ग्रुपात ज्या एकट्याला गप्प बसवलं, तो बरोबर होता.

दुसऱ्या अर्ध्या भागाचं, म्हणजे ‘गोळ्या खपाव्यात म्हणून’ याचं काय? नव्याने त्या व्याख्येत आलेल्या बहुतेकांना गोळ्या सुचवलेल्याच नव्हत्या. मीठ, वजन, व्यायाम यांकडे लक्ष द्या, असं सांगितलं होतं. गोळ्या सुचवाव्यात अशा लोकांचं प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं. या बदलामागचा एक मोठा आधार म्हणजे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली स्प्रिंट नावाची चाचणी. तीत ९,३०० हून अधिक माणसं होती आणि मुख्य खर्च अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा होता. वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचं ठरलेल्या गटात हृदयविकार आणि मृत्यू, दोन्ही कमी झाले. त्याच गटात भोवळ येणं, मूत्रपिंडाला इजा होणं यांसारखे त्रास जास्त दिसले, हेही त्याच शोधनिबंधात लिहिलेलं आहे. आणि सगळ्यांनीच नवी सीमा मान्य केली असंही नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये आपली व्याख्या १४०/९० वरच ठेवली. हा मतभेद उघड आहे, छापील आहे, कुणालाही वाचता येतो.

दादांच्या जागी बसून पाहा. मर्यादा बदलली हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही त्यांच्यापुढे चाळीस जणांचं हसू ठेवलंत. त्यांना वाटलं असणार, जी गोष्ट खरी आहे हे मला माहीत आहे, तिला ही माणसं न पाहताच खोटी म्हणतायत. वर माझ्या ग्रुपने आधीच बजावलं होतं, की बाहेरचे लोक हसतील. ते तसंच झालं. तुम्ही भिंत पाडायला गेलात आणि तिला आणखी एक थर देऊन आलात.

थी न्युएन या तत्त्वज्ञाने २०२० मध्ये यातला एक फरक फार नेमका मांडला. एक असतो बुडबुडा. त्यात दुसरी बाजू कानावरच पडत नाही, आणि पडली की तो फुटतो. दुसरं म्हणजे एको चेंबर. तिथे दुसरी बाजू ऐकू येते, कित्येकांना ती पाठही असते, पण सांगणारा माणूस आधीच बाद केलेला असतो. तो विकला गेलेला असतो, आंधळा असतो, किंवा ‘त्यांच्यातला’ असतो. त्यामुळे विरोधी पुरावा आला की तो भिंतीला भोक पाडत नाही, भिंत भक्कम करतो. इथे अडचण माहितीच्या टंचाईची नाही, विश्वास कुणावर ठेवायचा याची आहे. म्हणून तुम्ही वर्षभर पाठवलेल्या लिंका वाया गेल्या. ‘तूही त्यांच्यातलाच का?’ हा प्रश्न कुठल्या ग्रुपात विचारला गेला होता, तेही एकदा आठवून पाहा.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, एको चेंबर दादांचं आहे आणि पॉपर तुमचा. पण विज्ञान कशाला म्हणायचं हा प्रश्न पॉपरला पडला तो विरोधकांना नामोहरम करण्यासाठी नव्हे. १९१९ मध्ये तो व्हिएन्नात होता, वय वर्षं सोळा-सतरा. काही महिने तो कम्युनिस्टांमध्ये वावरला आणि मानसतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या कामातही त्याने हात लावला. खटकलं ते हे, की आपल्याच बाजूच्या लोकांना प्रत्येक घटनेत आपलंच खरं झालेलं दिसतं. एकदा त्याने अ‍ॅडलरना एका मुलाची हकीकत सांगितली. मुलाला न पाहताच अ‍ॅडलरनी आपल्या सिद्धांतानुसार ती उलगडून दाखवली. एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर हजार वेळांच्या अनुभवामुळे, असं उत्तर मिळालं. त्यावर पॉपर म्हणाला, आता या नव्या मुलामुळे तुमचा अनुभव एक हजार एक झाला असणार. (सतरा वर्षांच्या पोराने गुरुतुल्य माणसाला हे ऐकवावं, हे मला फार आवडतं.)

त्याच वर्षी २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो, हे एडिंग्टन आणि इतर इंग्लिश खगोलशास्त्रज्ञांनी त्या वेळी मोजलं. आइन्स्टाइनने कोनाचे १.७५ सेकंद (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असा आकडा आधीच सांगून ठेवला होता. न्यूटनच्या हिशेबाने साधारण त्याच्या निम्मा येत होता. मोजमाप आइन्स्टाइनच्या बाजूने गेलं, पण पॉपरला भावलं ते वेगळंच. हा माणूस आकडा सांगून मोकळा झाला होता आणि तो चुकला असता तर पळायला जागा नव्हती.

काय घडलं तर आपण चुकलो, हे आधीच सांगून ठेवायचं, ही पॉपरची कसोटी. दादांचं ‘हलकं वाटतं’ या कसोटीवर उतरत नाही. काय घडलं असतं तर ‘गोळ्या बंद करणं चुकलं’ असं ते म्हणाले असते? तुम्हीच लिहिलंय, की डोकं दुखलं तर ग्रुपात ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणतात आणि नाही दुखलं तर ‘बघा, फरक पडला.’ म्हणजे दुखलं तरी विजय, न दुखलं तरी विजय. मात्र हे त्यांना सुनावण्याआधी स्वतःलाही विचारा, की काय दिसलं तर मी म्हणेन, दादाचं बरोबर होतं? पत्रात याचं उत्तर मला सापडलं नाही.

एक सावधगिरीची सूचना. पॉपरचं एवढंच वाचून कुणी वादात उतरलं तर हुशार माणूस त्याला दोन मिनिटांत गप्प करील. वैज्ञानिकसुद्धा आकडा चुकला की लगेच सिद्धांत टाकून देत नाहीत, आणि तेच योग्य असतं. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणितात बसेना, तेव्हा कुणी न्यूटनला रद्द केलं नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असावा असं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिये यांनी मांडलं आणि त्याची जागाही गणिताने काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेचं गणितही जुळेना. आजच्या मोजमापानुसार तो फरक शतकाला कोनाचे ४३ सेकंद एवढाच आहे. ल व्हेरिये यांनी १८५९ मध्ये पुन्हा तोच उपाय काढला. सूर्याजवळ न दिसलेला ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. तो पाहिल्याचं सांगणारे लोकही निघाले. व्हल्कन नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने ते ४३ सेकंद कुठलाही ग्रह न घालता सुटले.

माणूस तोच, युक्ती तीच, एकदा शोध लागला आणि एकदा भास निघाला. तेव्हा ‘अडचण आल्यावर नवं स्पष्टीकरण जोडलं’ एवढ्यावरून कुणाला पकडता येत नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश यांनी सुचवलेली कसोटी इथे जास्त कामाची आहे. जोडलेल्या ठिगळातून पुढे काही नवं सापडतं, की प्रत्येक ठिगळ फक्त आधीचं भोक झाकतं? हे एका भांडणात कळत नाही, काळ जावा लागतो. दादांच्या ग्रुपने गेल्या वर्षात आधी सांगितलेली आणि मग खरी ठरलेली एक तरी गोष्ट आहे का, हा प्रश्न रास्त आहे. तुमच्या ग्रुपलाही तो तितकाच लागू आहे.

मग ‘दोन ग्रुपांत फरक काय?’ हा दादांचा प्रश्न. तुम्हाला तो लागला, कारण तो चांगला आहे. शिकलेली, प्रामाणिक, विज्ञान मानणारी माणसं एकत्र आली की एको चेंबर होत नाही, या समजुतीत राहू नका. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथे ब्लोंद्लो या नामांकित भौतिकशास्त्रज्ञाला ‘एन-किरण’ नावाचे नवेच किरण सापडले. पाठोपाठ इतर अनेक संशोधकांनाही ते दिसू लागले, निबंध छापून आले. १९०४ मध्ये अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड प्रयोगशाळा पाहायला गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला, मोजणीला आवश्यक असलेला लोलक गुपचूप काढून घेतला. आकडे वाचून दाखवणं तसंच चालू राहिलं! कुणी खोटं बोलत नव्हतं. पाहायचं काय ते आधीच ठरलेलं होतं, एवढंच.

याउलट २०११ सालची गोष्ट घ्या. ऑपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांच्या मोजणीत न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले, जे आइन्स्टाइनच्या सिद्धांतात बसत नाही. त्यांनी जगापुढे आकडे ठेवले आणि म्हटलं, आमची चूक आम्हाला सापडत नाही, तुम्ही शोधा. पुढल्या वर्षी मुख्य कारण निघालं नीट न बसलेली एक ऑप्टिकल फायबरची जोडणी. थोडी शोभा झाली, पण मला तो विज्ञानाचा चांगला दिवस वाटतो. हेलन लाँजिनो या तत्त्वज्ञ तर म्हणतात, की वस्तुनिष्ठता एकट्याच्या डोक्यात नसते, समूहाच्या वागण्यात असते. टीका करायला जागा आहे का? टीकेनंतर कुणी मत बदलतं का? सगळ्यांना तेच निकष लागतात का? नवख्याचा मुद्दा जुन्याच्या मुद्द्याइतका ऐकला जातो का? तुमच्या ग्रुपमधला तो ‘थांबा’ म्हणणारा सदस्य अजून तिथे आहे का? असेल तर त्यानंतर काही बोलला का?

म्हणून पहिलं काम दादांकडे नाही, तुमच्या ग्रुपातच आहे. २०१७ चा बदल तिथे मांडा आणि ‘आपण न तपासता हसलो, तो बरोबर होता,’ असं लिहा. काय होतं ते पाहा. चारजणांनी ‘अरे हो, चुकलंच’ म्हटलं तर दादांना दाखवायला तुमच्याकडे खरा फरक आहे. तुमच्यावरच तुटून पडले, तर दादांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं, ते कितीही कडू असलं तरी.

दुसरं काम म्हणजे एक वाक्य. “दादा, मर्यादेचं तू खरं सांगत होतास. मी न बघताच हसले, चुकलं माझं.” यापुढे ‘पण’ जोडू नका. त्या दिवशी तर नाहीच. तुम्ही त्यांच्या ग्रुपच्या भाकितापेक्षा वेगळ्या वागलात हे त्यांच्या मनात मुरायला एखादा दिवस जाऊ द्या. विश्वासाची गाठ वादाने सुटत नाही. बाद केलेल्या यादीतला एखादा माणूस यादीत सांगितल्यासारखा वागला नाही, की ती थोडी सैल होते.

मग विचारा, “तुझ्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आकडा किती होता रे?” जुन्या फायलीत असेलच. माझ्या मते सगळ्या पत्रातला हा कळीचा प्रश्न आहे आणि दोन्ही ग्रुपांतल्या कुणालाच तो सुचलेला नाही. आकडा १६० असेल तर मर्यादा १३० असो की १४०, दादांना दोन्हीकडून लागू होते. मग तो सगळा वाद त्यांच्या बाबतीत गैरलागू ठरतो. आकडा १३४ असेल, तर ‘मला गोळी खरंच हवी होती का?’ हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारायलाच हवा. तिथे तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या राहा.

अल्सरचं, म्हणजे पोटातल्या व्रणाचं उदाहरण दादा काढतीलच, पत्रात त्याचा ओझरता उल्लेख आहे. अल्सर जंतूमुळे होतो असं म्हणणाऱ्या मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांवर सुरुवातीला फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, हे खरं. पण त्यांची टर उडाली म्हणून ते बरोबर ठरले नाहीत. दुसऱ्या प्रयोगशाळांना तो जंतू वाढवून पाहता आला, औषधाने अल्सर परत येईनासा झाला. नोबेल मिळालं २००५ मध्ये, सगळी तपासणी झाल्यावर.

त्यानंतर वही. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेल्या रक्तदाबासाठी १३५/८५ ही सीमा सर्वसाधारणपणे धरतात. मोजणी सुरू होण्याआधी दोघांनी आपापल्या हाताने लिहायचं, की सरासरी किती येईल असं मला वाटतं आणि ती तशी आली नाही तर मी काय करीन. ‘सीमेच्या वर गेली तर मी ठरलेल्या डॉक्टरांकडे जाईन,’ हे दादांचं. ‘खाली राहिली तर गोळ्यांबद्दल तुझ्यामागे लागणार नाही, डॉक्टर काय म्हणतील ते ऐकीन,’ हे तुमचं. खाली राहूही शकते, वजन उतरलं असेल, मीठ कमी झालं असेल. डॉक्टर कोण, हे दादांना निवडू द्या, ग्रुपबाहेरच्या ज्या कुणावर त्यांचा अजून विश्वास असेल तो. वही दोन्ही परिस्थितींत डॉक्टरांकडे जाणारच, निर्णय सरासरीने नाही, त्यांनी घ्यायचा. आणि हो, जे अजून गोळ्या घेतायत त्यांनी हे वाचून ‘प्रयोग’ म्हणून त्या बंद करू नयेत. दादांच्या बंदच आहेत, म्हणून हे असं.

ज्यांचा वाद यंत्राने मोजता येत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे गुंतवणूक, राजकारण, जुन्या लढाया यांवरून घरात धुमसणाऱ्यांसाठी, एवढंच सांगते. वही तिथेही चालते. तारीख घाला, दावा लिहा, अमुक काळात काय दिसलं तर तो चुकला हे लिहा. डार्विनची सवय होती, आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की ती ताबडतोब टिपून ठेवायची, कारण तीच आधी विसरते असा त्याचा अनुभव होता. आठवड्यात अशी एक नोंद झाली तरी पुष्कळ. महिनाभर एकही झाली नाही, तर विरुद्ध काही घडलंच नाही की आपल्याला दिसलं नाही, हे तपासा.

दादा नाही म्हणाले तर आग्रह धरू नका, यंत्र वहिनींकडे ठेवून या. हो म्हणाले तर वहीत दोन रकाने आखा, एक त्यांचा आणि एक तुमचा. पट्टा आधी तुमच्या दंडाला बांधायचा. सख्ख्या भावाला उच्च रक्तदाब आहे आणि तुम्ही स्वतःचा शेवटचा कधी मोजला, हे एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही.